संगणक चालू होत नाही, म्हणजे नेमका कुठे अडतो?

माझ्या टेबलाखालचा डेस्कटॉप गेल्या वर्षी एका सकाळी बटण दाबल्यावर सुरू झाला, त्याचे पंखे फिरले, दर्शनी दिवा लागला, आणि पडद्यावर काही उमटण्याआधीच सारे शांत झाले. पुन्हा बटण दाबले, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मात्र तो नीट सुरू झाला आणि रात्रीपर्यंत विनातक्रार चालला. पुढचे तीन आठवडे मी या बिघाडाच्या मागे होते, आणि त्यांतले पहिले दोन आठवडे पूर्णपणे वाया गेले हे आज वहीतल्या नोंदी चाळताना मान्य करावे लागते. लक्षण नीट न पाहताच मी भाग बदलायला सुरुवात केली होती. आधी रॅम, म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती, बदलली, मग एसएमपीएस, म्हणजे भिंतीवरची वीज संगणकाला लागेल तशी करून देणारी पेटी, बदलला; दोन्ही धडधाकट निघाले. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार संगणकाच्या दुरुस्तीत इतका सर्रास चालतो की त्याचे कुणाला फारसे वैषम्यही वाटत नाही.

त्या अनुभवानंतर मी तपासणीचा एक क्रम स्वतःसाठी ठरवून घेतला. तो येथे मांडताना माझ्या यंत्राची हकिकतही अधूनमधून येईल, कारण त्या क्रमातली प्रत्येक पायरी कुठल्या ना कुठल्या चुकीतूनच मला कळली आहे.

'संगणक चालू होत नाही' या एका वाक्यात निदान चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. एखाद्याच्या यंत्रात बटण दाबल्यावर एकही दिवा लागत नाही. दुसऱ्याच्या यंत्रात पंखे जोरात फिरतात, पण पडदा काळाच राहतो. तिसऱ्याला मदरबोर्डाच्या, म्हणजे सारे भाग ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डाच्या, कंपनीचे चिन्ह दिसते आणि त्याखाली बूट करण्याजोगे, म्हणजे ज्यावरून संगणक सुरू होईल असे, उपकरण सापडत नसल्याचा संदेश येतो. चौथ्याच्या यंत्रात विंडोज सुरू व्हायला लागते आणि मध्येच निळा पडदा येतो. चौघेही एकच वाक्य बोलतात, आणि ऐकणारा चौघांनाही 'रॅम काढून पुन्हा बसवून पाहा' असा एकच सल्ला देतो. कधीकधी तो लागूही पडतो, म्हणूनच तो इतका टिकून आहे.

हे चार प्रकार वेगळे का, ते समजण्यासाठी बटण दाबल्यावर काय घडते हे एकदा क्रमाने पाहायला हवे. भिंतीवरचे बटण लावताच, म्हणजे कॅबिनेटच्या बटणाला हात लागण्याआधीच, एसएमपीएस मदरबोर्डाला पाच व्होल्टांचा एक छोटा पुरवठा देऊ लागतो. त्याला स्टँडबाय म्हणतात, आणि रंगीत तारांच्या २४ पिनांच्या जोडणीत त्याची तार जांभळी असते. कॅबिनेटचे बटण वीज जोडत नाही; ते मदरबोर्डाला फक्त इशारा करते. इशारा मिळाला की मदरबोर्ड हिरवी तार शून्य व्होल्टावर आणतो, तेव्हा एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टांचे मुख्य पुरवठे सुरू करतो, आणि ते स्थिर झाल्यावर सुमारे ०.१ ते ०.५ सेकंदात करड्या तारेवरून 'वीज ठीक आहे' असा निरोप धाडतो. तो निरोप येईपर्यंत प्रोसेसर रोखून धरलेला असतो. त्यानंतर बायोसच्या, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, चिपमधील आज्ञा वाचल्या जातात, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि कीबोर्ड यांची प्राथमिक चाचणी होते, डिस्क शोधली जाते, तिच्यावरचा बूट लोडर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, मिळतो आणि सूत्रे ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती जातात. बटणाने केवळ इशारा देण्याची ही पद्धत इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकामुळे रुळली. त्याआधीच्या एटी प्रकारच्या संगणकांत कॅबिनेटवरचा खटका हा खरोखरचा विजेचा खटका असे आणि दाबला की तो दाबलेलाच राहत असे. हा फरक मला पुस्तकी माहिती म्हणून ठाऊक होता. त्याचा माझ्या बिघाडाशी काही संबंध असेल, असे मात्र तेव्हा मनातही आले नाही.

या साखळीत प्रत्येक कडी आधीच्या कडीवर अवलंबून असते. त्यामुळे कॅबिनेट उघडण्यापूर्वी विचारण्याचा प्रश्न एकच असतो: यंत्र कुठपर्यंत पोहोचले? कंपनीचे चिन्ह पडद्यावर आले असेल, तर वीज, प्रोसेसर, निदान काही रॅम आणि ग्राफिक्स यांनी आपापले काम केले आहे, आणि 'डिस्क सापडत नाही' या तक्रारीसाठी एसएमपीएस बदलण्यात बहुधा अर्थ नसतो. माझे यंत्र चिन्हापर्यंत पोहोचत नव्हते, एवढे मी पाहिले होते. ते नेमके किती वेळ चालते, हे मात्र मी पाहिले नव्हते.

बाहेरची तपासणी कंटाळवाणी असते, आणि म्हणूनच ती टाळली जाते. भिंतीवरच्या त्याच सॉकेटमध्ये दुसरे काही उपकरण चालते का, एसएमपीएसच्या मागचा छोटा खटका चालू बाजूला आहे का, मॉनिटरवर योग्य इनपुट निवडले आहे का, एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात. ग्राफिक्स कार्ड बसवलेले असूनही मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या सॉकेटमध्ये खोचलेली असणे ही चूक मी स्वतः केली आहे. ज्या प्रोसेसरांत अंगभूत ग्राफिक्स नसते, उदाहरणार्थ इंटेलचे नावाच्या शेवटी एफ हे अक्षर असलेले प्रोसेसर, त्यांच्यासोबत त्या सॉकेटमधून चित्र कधीच येणार नाही. मग कीबोर्ड आणि माऊस वगळता यूएसबीला जोडलेले सारे काढून ठेवावे. विसरून राहिलेला पेनड्राइव्ह बूटच्या क्रमात वर असला की यंत्र त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम शोधत बसते, आणि यूएसबी सॉकेटमधली वाकलेली पिन शॉर्ट झाली तर काही मदरबोर्ड जास्त विद्युतप्रवाहाचा इशारा देऊन १५ सेकंदांत स्वतःहून बंद होतात. तो संदेश पाहून प्रोसेसर जळाला असे समजणारी माणसे मी पाहिली आहेत.

कॅबिनेट उघडायचे तर आधी वीज पूर्ण तोडावी, मग कॅबिनेटचे बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज निघून जाऊ द्यावी, आणि आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. अंगावरच्या स्थिर विजेचा चटका माणसाला साधारण ३००० व्होल्टांच्या पुढेच जाणवतो, आणि चिपला इजा व्हायला त्याहून खूप कमी पुरते. म्हणजे आपल्याला काहीच जाणवले नाही, यावरून चिपलाही काही झाले नसेल असा निष्कर्ष काढता येत नाही.

आता पहिला प्रकार, म्हणजे एकही दिवा न लागणे. येथे मी सर्वप्रथम मदरबोर्डावरचा स्टँडबाय दिवा पाहते. बऱ्याच मदरबोर्डांवर तो असतो, आणि वीज जोडलेली असताना, यंत्र बंद असले तरी तो तेवत राहतो. तो लागला असेल तर एसएमपीएसचा निदान स्टँडबाय भाग जिवंत आहे, आणि मग संशय कॅबिनेटच्या बटणावर, त्याच्या दोन बारीक तारांवर किंवा मदरबोर्डावर जातो. दिवा नसेल तर व्होल्टेज मोजणारा मल्टीमीटर काढावा. २४ पिनांच्या जोडणीत जांभळ्या आणि काळ्या तारेमध्ये पाच व्होल्ट दिसायला हवेत. एसएमपीएस स्वतंत्रपणे तपासायचा असेल, तर ही जोडणी मदरबोर्डापासून काढून हिरवी तार एखाद्या काळ्या तारेला छोट्या वायरने जोडतात. तेवढ्याने एसएमपीएसचा पंखा फिरू लागला की लोक 'एसएमपीएस ठीक आहे' असा निर्वाळा देऊन मोकळे होतात. मी एवढ्यावर विसंबत नाही. भार नसताना पंखा फिरणे आणि ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसर एकाच वेळी वीज ओढत असताना व्होल्टेज टिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एटीएक्स मानकानुसार मुख्य धन पुरवठ्यांना पाच टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा आहे, म्हणजे १२ व्होल्टांचा पुरवठा ११.४ ते १२.६ च्या दरम्यान, पाचचा ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान आणि ३.३ चा साधारण ३.१४ ते ३.४६ च्या दरम्यान हवा. हे मोजमाप यंत्र चालू असताना, जोडणीच्या मागच्या बाजूने मल्टीमीटरची टोके खोचून घेतले, तरच त्याला अर्थ आहे.

बायोसच्या पडद्यावर दिसणाऱ्या व्होल्टेजच्या आकड्यांवर मात्र फार विसंबू नये; ते मदरबोर्डावरच्या एका साध्या सेन्सरने सांगितलेले असतात आणि त्यांत चूक असू शकते.

एसएमपीएसबाबत दोन गोष्टी निक्षून सांगाव्याशा वाटतात. त्याची पेटी घरी कधीही उघडू नये. तिच्यातल्या मुख्य कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या घटकात, ३०० व्होल्टांहून अधिक दाब असतो, आणि वीज तोडल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो. दुसरी गोष्ट अशी की, सुट्या केबलींचा, म्हणजे मॉड्युलर प्रकारचा एसएमपीएस बदलताना जुन्याच केबली वापरण्याचा मोह होतो, कारण त्या कॅबिनेटमध्ये आधीच नीट बांधून ठेवलेल्या असतात. पण एसएमपीएसच्या बाजूच्या सॉकेटमधील पिनांची मांडणी सर्व कंपन्यांत सारखी नसते. जोडणी बेमालूम बसते, आणि पाच व्होल्टांच्या जागी बारा व्होल्ट जाऊन एका क्षणात सर्व डिस्क जळू शकतात. एसएमपीएस बदलला की त्याच्या साऱ्या केबली बदलाव्यात.

माझा संशय एसएमपीएसवर का गेला, तेही सांगायला हवे. दोन प्रयत्न फसणे आणि तिसरा यशस्वी होणे, हे जुन्या कपॅसिटरचे ठरलेले लक्षण आहे. वय झालेला कपॅसिटर थंड असताना नीट काम करत नाही, एकदोनदा वीज मिळून ऊब आली की चालू लागतो. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत सदोष इलेक्ट्रोलाइट भरलेले कपॅसिटर असंख्य मदरबोर्डांत आणि एसएमपीएसमध्ये गेले होते, आणि त्या काळातली यंत्रे उघडणाऱ्यांना वरचे टोपण फुगलेले, तपकिरी द्रव पाझरणारे कपॅसिटर आजही आठवत असतील. आता मदरबोर्डांवर बहुतेक घन पॉलिमर प्रकारचे कपॅसिटर असतात आणि ते असे फुगत नाहीत. एसएमपीएसमध्ये मात्र द्रव इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर अजूनही वापरात आहेत. माझा एसएमपीएस आठ वर्षांचा होता. वय, लक्षण आणि ऐकीव ज्ञान या तिन्ही गोष्टी जुळल्या आणि मी मल्टीमीटर न लावताच नवा एसएमपीएस बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र पुन्हा तसेच सुरू होऊन बंद झाले.

पंखे फिरतात पण पडदा काळा, हा दुसरा प्रकार सर्वांत फसवा आणि म्हणूनच सर्वांत रंजक. येथे मदरबोर्ड स्वतः बोलत असतो, फक्त ऐकण्याची सोय हवी. १९८१ च्या आयबीएम पीसीत सर्व चाचण्या पार पडल्या की एक आखूड बीप वाजत असे, आणि ती प्रथा बराच काळ टिकली. पुढे बायोस बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपापली बीपची भाषा ठरवली. अवॉर्डच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सची तक्रार, पण दुसऱ्या कंपनीच्या बायोसमध्ये त्याच बीपचा अर्थ वेगळा असू शकतो, म्हणून मदरबोर्डाची पुस्तिका पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. आजकाल कॅबिनेटसोबत छोटा स्पीकर सहसा येत नाही, आणि मुक्या यंत्राला लोक मेलेले समजतात. तो स्पीकर स्वतंत्र विकत मिळतो, चार पिनांवर बसतो, आणि माझ्या मते दुरुस्तीच्या पेटीत मल्टीमीटरच्या आधी तो असावा. पुष्कळ नव्या मदरबोर्डांवर त्याऐवजी प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट अशी नावे असलेले चार बारीक दिवे असतात. चाचणी ज्या टप्प्यावर अडते तो दिवा लागून राहतो. महागड्या मदरबोर्डांवर दोन आकड्यांचा फलकही असतो.

दिवा रॅमवर थांबला, तर आधी वाट पाहावी. डीडीआर५ रॅम प्रथमच बसवली असेल किंवा बायोसची सेटिंग्ज पुसली असतील, तर मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेण्यात काही मिनिटे घालवू शकतो, आणि या काळात पडदा पूर्ण काळा असतो. नवे यंत्र जुळवून दुसऱ्याच मिनिटाला वीज तोडणारा माणूस ते जुळवणे कधी पूर्ण होऊच देत नाही, आणि रॅम खराब आहे असे समजून ती परत करतो. वाट पाहूनही काही झाले नाही, तर रॅमची एकच पट्टी ठेवावी आणि पुस्तिकेत सांगितलेल्या सॉकेटमध्ये बसवावी. चार सॉकेट असलेल्या बहुतेक मदरबोर्डांवर ते प्रोसेसरपासून दुसरे असते. पट्टीच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपटपणा दिसला तर मऊ खोडरबर हलकेच फिरवून त्याचा कचरा झटकावा, किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. बसवताना दोन्ही टोकांना पुरेसा दाब द्यावा लागतो. अनेकांना पट्टी मोडेल अशी भीती वाटते आणि ती अर्धवटच बसते.

एका वेळी एकच बदल करायचा, आणि तो लिहून ठेवायचा, हा नियम येथे फार उपयोगी पडतो. पट्टी बदलली, सॉकेट बदलले आणि त्याच फेरीत बायोसही पुसले, आणि यंत्र सुरू झाले, तर यंत्र सुरू झाले एवढेच कळते.

बायोसची सेटिंग्ज पुसणे हा तसा निरुपद्रवी उपाय आहे. वीज तोडून मदरबोर्डावरचा ठरलेला जंपर, म्हणजे दोन पिना एकत्र जोडणारी छोटी टोपी, काही सेकंद जोडला, किंवा नाण्यासारखी बॅटरी काही मिनिटे काढून ठेवली, की ती मूळ स्थितीला येतात. रॅमचा वाढवलेला वेग, फसलेले ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे, अशा कारणांनी काळा झालेला पडदा यातून परत येतो. प्रोसेसर नवा आणि बायोस त्याच्या आधीचा असेल तर मात्र कितीही पुसले तरी उपयोग नाही. तेथे बायोस अद्ययावत करावे लागते. प्रोसेसरच्या वीजजोडणीचाही येथे उल्लेख करायला हवा. २४ पिनांच्या जोडणीशिवाय मदरबोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात चार किंवा आठ पिनांची आणखी एक जोडणी असते, तिच्यातून प्रोसेसरला १२ व्होल्ट मिळतात. ती राहून गेली तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि बाकी काहीही होत नाही.

एवढे करूनही पडदा काळाच राहिला, तर मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवावा आणि केवळ प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस यांच्यासह चालवून पाहावा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर ग्राफिक्स कार्डही लागेल. बटण नसल्यामुळे चालू करण्याच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श करायचा. कॅबिनेटमध्ये न चालणारा बोर्ड पुठ्ठ्यावर चालला, तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा बसवण्याच्या पद्धतीत आहे. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यापासून ज्या पितळी खुंट्यांवर उचलून धरलेला असतो, त्यांतली एखादी भलत्या जागी राहिली असेल तर ती मदरबोर्डाच्या मागच्या बाजूला शॉर्ट करू शकते.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी नेमके हेच केले. पुठ्ठ्यावर मदरबोर्ड दहा वेळा सुरू केला आणि दहाही वेळा तो चालला. आनंदाने मी पितळी खुंट्या मोजल्या, त्यांच्या जागा पुस्तिकेतल्या आकृतीशी ताडून पाहिल्या, सर्व बरोबर होते. तरीही कुठेतरी शॉर्ट होत असणार असे ठरवून मी सर्व खुंट्या घट्ट केल्या, मागच्या पत्र्याची पट्टी पुन्हा बसवली, मदरबोर्ड आत घातला आणि बटण दाबले. यंत्र सुरू होऊन बंद झाले. निष्कर्ष अर्धाच बरोबर होता: दोष कॅबिनेटचा होता, शॉर्टचा नव्हता. पुठ्ठ्यावरच्या प्रयोगात आणि कॅबिनेटमधल्या वापरात आणखी एक फरक होता, तो माझ्या नजरेतून सुटला होता.

तो फरक सांगण्याआधी उरलेले दोन प्रकार पाहून घेऊ. कंपनीचे चिन्ह आले, पण ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही, तेव्हा बायोसमध्ये जाऊन डिस्क यादीत दिसते का हे पाहावे. दिसत नसेल तर केबल, सॉकेट आणि डिस्क याच क्रमाने तपासावे. दिसत असेल तर तारीख पाहावी. तारीख कित्येक वर्षे मागे गेली असेल, तर सीआर२०३२ ही बॅटरी संपली आहे. नावातले २० म्हणजे व्यासाचे मिलिमीटर आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. बॅटरी संपली की तारखेबरोबर बूटचा क्रमही जातो, आणि कधीकधी मदरबोर्डाने डिस्क हाताळण्याची पद्धत एएचसीआयवरून रेडवर (RAID) किंवा उलट बदलते. तसे झाले की विंडोज सुरू होता होता 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा निळा पडदा दाखवते, आणि पूर्ण निर्दोष डिस्क फॉरमॅट केली जाते. जुन्या पद्धतीने बसवलेली विंडोज डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमधून सुरू होते आणि यूईएफआय, म्हणजे बायोसच्या नव्या अवताराच्या, पद्धतीची एका छोट्या फॅट३२ विभागातून. बायोसमध्ये ही पद्धत बदलली गेली तरीही डिस्क शाबूत असून सिस्टिम 'हरवते'.

डिस्कचे आरोग्य पाहायचे तर तिच्यातली स्मार्ट ही नोंदवही वाचावी. तिच्यातल्या सर्व आकड्यांचा अर्थ लावत बसण्याची गरज नाही. हार्ड डिस्कच्या बाबतीत मी फक्त चार पाहते: ५ क्रमांकाची नोंद, म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर, १९७, म्हणजे निर्णयाच्या प्रतीक्षेतले सेक्टर, १९८, म्हणजे वाचताच न आलेले सेक्टर, आणि १९९, म्हणजे डिस्क व मदरबोर्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीतल्या चुका. शेवटची नोंद वाढत असेल आणि बाकीच्या शून्यावर असतील, तर दोष बहुधा डिस्क मदरबोर्डाला जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. एका परिचितांची डिस्क 'गेली' म्हणून माझ्याकडे आली होती, ती केवळ केबल बदलून अजून चालू आहे. १९७ ची नोंद वाढत असेल तर मात्र दुरुस्तीची आज्ञा चालवू नये. आधी दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत काढावी, कारण दुरुस्तीचा प्रोग्राम मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तासन्‌तास राबवतो, आणि जी माहिती सकाळी वाचता येत होती ती संध्याकाळी येत नाही. एसएसडीच्या बाबतीत असे टप्पेही नसतात; ती पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न देता बायोसच्या यादीतून नाहीशी होते.

चालता चालता बंद पडणारे यंत्र हा चौथा प्रकार, आणि त्यावर स्वतंत्र लेख होईल. येथे एवढेच सांगते की विंडोजच्या नोंदींतली ४१ क्रमांकाची 'कर्नल पॉवर' ही नोंद पाहून एसएमपीएसला दोषी ठरवू नये. मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते, एवढाच तिचा अर्थ असतो. भिंतीवरचे बटण चुकून बंद केले तरी तीच नोंद होते. रॅमचा वेग वाढवणारे प्रोफाइल आधी बंद करावे, रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर चालवावा, आणि त्यात एकही चूक आली तर 'एकच तर आहे' असे म्हणू नये. प्रोसेसरचे तापमान पाहावे. बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात आणि त्यापलीकडे गेले की यंत्र बंद होते; कूलरची एक खिळी निसटलेली असणे पुरेसे असते. विंडोज ८ पासून 'शट डाउन' केल्यावर गाभ्याचा भाग डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि 'रीस्टार्ट' केल्यावरच तो नव्याने सुरू होतो, त्यामुळे ड्रायव्हरचा दोष तपासताना रीस्टार्टच करावे.

आता माझे यंत्र. तिसऱ्या आठवड्यात, दुसरे काही सुचत नव्हते म्हणून, मी फोनवरचे स्टॉपवॉच लावले आणि बटण दाबल्यापासून यंत्र बंद होईपर्यंतचा वेळ मोजला. चार सेकंदांहून किंचित जास्त. पुन्हा मोजला, तेवढाच. सहा नोंदींत फरक होता तो माझ्या बोटाच्या चपळाईएवढाच. त्या आकड्यांकडे पाहत मी बराच वेळ बसून होते. शॉर्ट झाले की एसएमपीएस क्षणार्धात वीज तोडतो, चार सेकंद थांबत नाही. तापलेला प्रोसेसर यंत्र बंद करतो, पण थंड सकाळी आणि तापल्या दुपारी त्याला लागणारा वेळ सारखा नसतो. जुना कपॅसिटर तर घड्याळ लावून कधीच बिघडत नाही. इतका काटेकोर वेळ कुणीतरी मोजत असले पाहिजे, आणि संगणकात चार सेकंद मोजणारी एक गोष्ट सर्वांच्या ओळखीची आहे: अडकलेले यंत्र सक्तीने बंद करायचे असेल तेव्हा आपण बटण सुमारे चार सेकंद दाबून धरतो.

कॅबिनेटचे बटण दाबल्यावर पूर्ण वर येत नव्हते. आतल्या प्लॅस्टिकच्या नळीत वर्षानुवर्षांची धूळ साचली होती, बोट काढले तरी आतला बारीक खटका दाबलेलाच राहत होता, आणि मदरबोर्ड त्याचा अर्थ 'मालकिणीने बटण दाबून धरले आहे' असा घेऊन आज्ञा पाळत होता. बंद पडल्यावर पुन्हा बटण दाबण्याच्या खटाटोपात ते कधीतरी सुटत असे आणि तो प्रयत्न यशस्वी होत असे. पुठ्ठ्यावर बटणच नव्हते, स्क्रूड्रायव्हर होता.

धूळ काढून पाहिली, पण प्लॅस्टिक झिजल्यामुळे बटण चार दिवसांनी पुन्हा अडकू लागले. मग मदरबोर्डावरच्या पिनांवरून त्याच्या दोन तारा काढल्या आणि रीसेट बटणाच्या तारा त्यांच्या जागी लावल्या. गेले वर्षभर मी संगणक रीसेटच्या छोट्या बटणानेच चालू करते. जुना एसएमपीएस आणि जुनी रॅम कपाटात आहेत, दोन्हींवर चिठ्ठी लावली आहे: 'चालू स्थितीत'.